मेद्नी बेटावरची भाषा: धातू आईचा, प्रत्यय वडिलांचा

संयुक्त राष्ट्रांनी २०२२ ते २०३२ हे दशक आदिवासी भाषांसाठी वाहिले आहे. त्या दशकाच्या पहिल्याच वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, रशियाच्या कामचात्का द्वीपकल्पाच्या पूर्वेला समुद्रात असलेल्या बेरिंग बेटावर एका वृद्ध गृहस्थांचे निधन झाले आणि त्यांच्याबरोबर मेद्नी अलेउत ही भाषा बोलणारे शेवटचे माणूस गेले. भाषा लहान होती. ती शेजारच्या मेद्नी बेटावरच्या एका गावापुरती होती आणि तिला दोनशे वर्षेही धड झाली नव्हती. तरी भाषांच्या अभ्यासात तिच्याइतकी चर्चा फार थोड्या बोलींच्या वाट्याला आली आहे.

भाषांची वंशावळ मांडताना आपण प्रत्येक भाषेला एक आई देतो. मराठीत फारसी, कानडी, पोर्तुगीज, इंग्रजी असे कितीतरी शब्द आले, पण मराठीचा सांगाडा महाराष्ट्री प्राकृतातून आला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मेद्नी अलेउतला मात्र एकच आई दाखवता येत नाही. तिचा अर्धा सांगाडा अलेउत भाषेचा आहे आणि अर्धा रशियन भाषेचा, आणि या दोन भाषांचे एकमेकींशी दूरचेही नाते नाही. ती कशी जन्मली हे समजायचे तर आधी ते बेट माणसांनी कसे भरले ते पाहावे लागते.

१७४१ साली रशियाच्या मोहिमेवर निघालेले दर्यावर्दी व्हिटस बेरिंग यांचे जहाज अलास्काचा किनारा पाहून परतताना एका निर्मनुष्य, झाड नसलेल्या बेटाला लागले. बेरिंग तिथेच डिसेंबरमध्ये वारले. वाचलेल्या खलाशांनी फुटक्या जहाजाच्या लाकडांतून लहान जहाज बांधले आणि पुढच्या वर्षी ते कामचात्काला पोचले. येताना त्यांनी समुद्री ऊदमांजरांची शेकडो कातडी आणली. ही कातडी चीनमध्ये सोन्याच्या मोलाने विकली जात. रशिया आणि चीन यांच्या सरहद्दीवर क्याख्ता हे व्यापाराचे ठाणे होते. तिथे कातडी जात आणि बदल्यात चहा येत असे. दोन-तीन वर्षांतच कातड्यांच्या शोधात निघालेल्या रशियन शिकाऱ्यांच्या टोळ्या एकेक बेट ओलांडत पूर्वेकडे सरकू लागल्या.

अलास्काकडे जाणाऱ्या या अल्यूशियन बेटांवर उनंगन लोक राहत होते. रशियनांनी त्यांना अलेउत म्हटले आणि तेच नाव जगभर रूढ झाले. कातडी मढवलेल्या होडीतून उघड्या समुद्रात शिकार करण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. शिकाऱ्यांना कातडी हवी होती, पण समुद्री ऊदमांजर मारण्याचे कसब त्यांच्याकडे नव्हते. म्हणून त्यांनी गावातली मुले-बायका ओलीस ठेवून पुरुषांना शिकारीला धाडले. रोगराई, उपासमार आणि कत्तली यांनी पन्नास-साठ वर्षांत उनंगन लोकसंख्येचा फार मोठा भाग नाहीसा झाला. भाषासंपर्काच्या पुस्तकांत यातले बरेच एका ओळीत आटोपलेले असते. मला ते नेहमी खटकते, कारण पुढे जी भाषा जन्मली तिच्या मुळाशी हे सगळे आहे.

याच काळात रशियन शब्द अलेउत घरांत शिरले. कुत्र्याला ‘सबाका’वरून आलेला शब्द मिळाला. चहा ‘चायु’ झाला. क्याख्त्याच्या बाजारातून जो ‘चाय’ रशियात गेला तोच पुढे उत्तर पॅसिफिकच्या बेटांवर पोचला, आणि आपल्या ‘चहा’चे मूळही त्याच चिनी शब्दात आहे. शब्दांची अशी उसनवारी सगळ्याच भाषांत होते. मेद्नीवर जे घडले ते याहून निराळे होते.

१७९९ मध्ये रशियन-अमेरिकन कंपनीची स्थापना झाली आणि त्या टापूतला सगळा व्यापार तिच्या हाती आला. कंपनीचे नोकर रशियन पुरुष होते आणि त्यांनी उनंगन बायकांशी संसार केले. त्यांच्या मुलांना ‘क्रिओल’ म्हणत, आणि १८२१ च्या सनदेने क्रिओलांना कायद्यानेच वेगळा दर्जा दिला. ही मुले कंपनीत कारकून, खलाशी, सुतार होत. काही पाद्रीही झाले. याकोव नेत्स्वेतोव हे असेच रशियन वडील आणि अलेउत आई यांचे पुत्र. १८२९ पासून ते आत्का बेटावर पाद्री होते आणि त्यांचा परगणा आत्तू, बेरिंग व मेद्नीपर्यंत पसरला होता. त्याआधी, १८२४ साली, उनालाश्का बेटावर आलेले इव्हान वेनियामिनोव यांनी इव्हान पानकोव या अलेउत प्रमुखाच्या मदतीने अलेउतसाठी सिरिलिक लिपी बसवली होती. म्हणजे क्रिओल कुटुंबांत दोन्ही भाषा कानावर तर पडतच, शिवाय प्रार्थनेच्या पोथीतूनही दोन्ही समोर येत.

कमांडर बेटे, म्हणजे बेरिंग आणि मेद्नी, आधी वस्तीवाचून होती. १८२६ च्या सुमारास कंपनीने तिथे कायमची वस्ती केली. बेरिंगवर मुख्यतः आत्काचे लोक नेले आणि मेद्नीवर आत्तूचे. कोणाला कुठे राहायचे आहे हे विचारण्याची रीत नव्हती. सील आणि ऊदमांजरे जिथे, तिथे शिकारी हवेत, एवढाच हिशेब. ‘मेद्नी’ म्हणजे तांब्याचे. बेटाच्या किनाऱ्यावर शुद्ध तांबे सापडत असे, त्यावरून हे नाव पडले. बेट सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि जेमतेम काही किलोमीटर रुंद आहे. त्यावर प्रेओब्राझेन्स्कोये नावाचे एक गाव वसले. त्या गावात रशियन आणि अलेउत असे दोन वेगळे गट फार काळ राहिले नाहीत, क्रिओल घरांचे वजन वाढत गेले, आणि तिथेच ही भाषा आकाराला आली.

आता ती भाषा प्रत्यक्ष कशी होती ते पाहू. नामे बहुतेक अलेउत होती, आणि त्यांची रूपे चालवण्याची रीतही अलेउतच. क्रियापदांचे धातू अलेउत. धातूला जोडून नवा अर्थ घडवणारे प्रत्यय, ज्यांचा अलेउतमध्ये मोठा साठा आहे, तेही अलेउतच. पण वाक्य पुरे करण्यासाठी क्रियापदाला पुरुष आणि काळ दाखवणारे जे शेवटचे प्रत्यय लागतात ते रशियन! अलेउतमध्ये ‘बसणे’ या अर्थी ‘उंगुची’ असा धातू आहे. मेद्नीवर ‘मी बसतो’ला ‘उंगुचीयु’ म्हणत, ‘तू बसतोस’ला ‘उंगुची-इश’ आणि ‘तो बसतो’ला ‘उंगुची-इत’. शेवटचे ‘यु, इश, इत’ हे रशियन क्रियापदांत रोज ऐकू येणारे प्रत्यय आहेत. भूतकाळासाठी रशियन ‘ल’ येई आणि कोण करतो हे सांगायला ‘या’ (मी) किंवा ‘ती’ (तू) ही रशियन सर्वनामे वापरत. नकारही रशियन वळणाचा, भविष्यकाळही.

मराठी वाचकाला याचे नवल लगेच कळावे म्हणून एक कल्पना करू. समजा, कर्नाटकाच्या सीमेवरच्या एका गावात ‘मी बसुत्तेने, तू बसुत्तीया, तो बसुत्ताने’ असे बोलू लागले. धातू मराठी, प्रत्यय कानडी. आपण ‘ऑफिसात’, ‘ट्रेनला’, ‘फोनवरून’ म्हणतो तेव्हा शब्द बाहेरचा असतो आणि प्रत्यय घरचा. जगात बहुतेक ठिकाणी असेच चालते, कारण शब्द सहज उचलता येतो आणि क्रियापदाचे प्रत्यय हा भाषेचा सगळ्यात आतला, सगळ्यात जपलेला भाग असतो. मेद्नीवर मात्र घरचा धातू ठेवून त्याला बाहेरचा प्रत्यय लावला गेला.

सीमाभागाचा उल्लेख केलाच आहे तर सांगलीजवळच्या कुपवाडचा दाखला द्यायला हवा. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये त्या गावातल्या मराठी, कानडी आणि उर्दू बोलींवर जो अभ्यास प्रसिद्ध केला तो जगभर वाचला जातो. कुपवाडमध्ये पिढ्यानपिढ्या एकत्र राहिल्यामुळे या बोलींची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली की शब्दास शब्द ठेवून भाषांतर करता येई. पण शब्द आणि प्रत्यय ज्याचे त्याचेच राहिले, कारण जात, धर्म आणि घर यांची ओळख त्या शब्दांत होती. कुपवाडात सगळे एकमेकांचे शेजारी राहिले, एक झाले नाहीत. मेद्नीवर दोन बाजू एकाच घरात आल्या. मला या दोन भाषिक घडणींतला फरक इथेच दिसतो.

उत्तरेतच याच्या उलट टोकाचे एक उदाहरण आहे. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर, वार्डो, हामरफेस्ट, ट्रॉम्सो या बंदरांत, श्वेत समुद्राकाठचे पोमोर रशियन व्यापारी उन्हाळ्यात राईचे पीठ घेऊन येत आणि मासे घेऊन जात. १८०७ नंतर ब्रिटिशांनी नाकेबंदी केली तेव्हा याच पिठावर उत्तर नॉर्वेतले लोक तगले. या व्यवहारासाठी ‘रुसेनोर्स्क’ नावाची जोडभाषा तयार झाली. तिच्यात जेमतेम काहीशे शब्द होते. तिला लोक ‘मोया पो त्वोया’ म्हणत, म्हणजे साधारण ‘मी तुझ्या भाषेत’. हे नाव मला फार आवडते. ‘काक स्प्रेक? मोये न्येत फर्स्तो’ म्हणजे ‘काय म्हणालास? मला समजले नाही’. त्यात ‘काक’, ‘मोये’, ‘न्येत’ हे रशियन आणि ‘फर्स्तो’ नॉर्वेजियन. दोन्ही बाजू तोलामोलाच्या असल्यामुळे शब्दही दोन्हींकडून जवळपास सारखेच आले. रशियन क्रांतीने तो व्यापार थांबवला आणि व्यापाराबरोबर ती भाषाही थांबली. तिकडे सायबेरियात तैमिर द्वीपकल्पावर नगानासान, डोल्गान आणि रशियन यांच्यात ‘गोवोर्का’ नावाची रशियन शब्दांची व्यवहारभाषा चाले. तिच्यात ‘जागा’ या अर्थाचा ‘मेस्तो’ हा शब्द विभक्तीच्या प्रत्ययासारखा वापरत.

रुसेनोर्स्क किंवा गोवोर्का ही कामापुरती भाषा. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याची भाषा नीट येत नाही, तेव्हा अशी भाषा लागते. ती घरी कोणी बोलत नाही. मेद्नी अलेउत तशी नव्हती. ती घरातली, चुलीजवळची भाषा होती. तिच्यात अलेउत नामांची आणि धातूंची गुंतागुंत शाबूत आहे, रशियन प्रत्ययही नेमक्या जागी आहेत. दोन्हींपैकी एक भाषा कच्ची असती तर हे जमलेच नसते. कॅनडातल्या मेतीस लोकांची मिचिफ भाषा याच जातीची आहे. तिच्यात क्री भाषेची अवघड क्रियापदे आणि फ्रेंच नामे शेजारी शेजारी नांदतात, आणि तिथेही जन्म मिश्र कुटुंबांतच झाला.

मेद्नीवर हे नेमके कसे घडले याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. गेओर्गी मेनोव्श्चिकोव यांनी १९६० च्या दशकात या बोलीचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९८० च्या दशकात येव्गेनी गोलोव्को आणि निकोलाय वाख्तिन यांनी बेटांवर जाऊन ती टिपली, तेव्हा तिचे जेमतेम दहा-बारा बोलणारे उरले होते. एक तर्क असा की रशियन पुरुषांना अलेउत क्रियापदांचे प्रत्यय जमले नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःचे लावले. दुसरा तर्क असा की दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्या क्रिओल लोकांनी भाषेशी खेळता खेळता हे मिश्रण घडवले आणि ते आपली खूण म्हणून जपले. मला दुसरा तर्क पटतो. ते पुरते रशियन नव्हते, पुरते अलेउतही मानले जात नव्हते, सनदेत त्यांचा खाना वेगळा होता. अशा लोकांनी स्वतःची भाषा केली यात मला अडाणीपणा दिसत नाही, जाणतेपण दिसते.

१८६७ मध्ये रशियाने अलास्का अमेरिकेला ७२ लाख डॉलरला विकला. आत्तू आणि आत्का अमेरिकेत गेले, कमांडर बेटे रशियात राहिली, आणि आत्तूच्या नातलगांमधून देशाची सीमा गेली. १८७१ पासून वीस वर्षे ही बेटे हचिन्सन, कोल आणि कंपनी या अमेरिकी व्यापाऱ्यांना सीलच्या कातड्यांसाठी भाड्याने दिलेली होती. मालक बदलत राहिले, पण मेद्नीवरच्या घरांत तीच भाषा चालू राहिली.

मेद्नीची मातृबोली जिथली, त्या आत्तूची गोष्ट १९४२ साली संपली. जपानी सैन्याने बेट घेतले आणि गावातल्या सुमारे चाळीस लोकांना होक्काइडोवरच्या ओतारूला नेले. तिथे भूक आणि क्षयाने त्यांच्यापैकी जवळपास निम्मे गेले. युद्धानंतर जे परतले त्यांना अमेरिकी सरकारने आत्तूवर जाऊ दिले नाही. त्यांना मुख्यतः आत्कावर वसवण्यात आले आणि आत्तूची बोली तिथल्या बोलीत विरून गेली.

मेद्नीवरचा घाला शांततेच्या काळात आला. सोव्हिएत शाळेत रशियनच चाले, आणि मुले घरी रशियनमध्ये उत्तर देऊ लागली. मग लहान गावे बंद करून माणसे मोठ्या गावात आणायचे धोरण आले. १९७० च्या सुमारास प्रेओब्राझेन्स्कोये रिकामे करून तिथल्या लोकांना बेरिंग बेटावरच्या निकोल्स्कोये गावात आणले. तिथे आत्काच्या वळणाची अलेउत बोलणारे होते आणि बाकी सगळा व्यवहार रशियनमध्ये होता. मेद्नीच्या लोकांकडे भाषा होती, पण ती ज्या गल्लीत बोलायची ती गल्ली उरली नव्हती. बेरिंग बोलीच्या शेवटच्या जाणकार २०२१ साली गेल्या, मेद्नीचे शेवटचे बोलणारे त्यानंतरच्या वर्षी.

कंपनीने माणसे आणण्याआधी मेद्नीवर कोणी राहत नव्हते, आणि आजही कोणी राहत नाही. १९९३ पासून कमांडर बेटांवर राखीव निसर्गक्षेत्र आहे. ज्यांच्या कातड्यांसाठी आत्तूची माणसे तिथे नेली गेली ती सीले अजूनही दर उन्हाळ्यात त्या किनाऱ्यांवर येतात.