पाऊस आला की तळ्यातलं हिरवं पाणी कुठे जातं?

उन्हाळा सरत आला की उष्ण प्रदेशातल्या अनेक तळ्यांचं पाणी त्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालामुळे रंग कालवल्यासारखं हिरवंगार दिसतं. मग पाऊस लागतो आणि थोड्याच दिवसांत ते मातकट होऊन जातं. गंमत अशी की या शैवालाला लागणारं खाद्य, म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस, याच पावसाच्या लोंढ्याबरोबर तळ्यात उतरतं. पान वाढलेलं, पण जेवणारे गायब!

याचं एक कारण उजेड. पाण्यात मातीचे कण तरंगत असतात, त्यामुळे ऊन फार खोल पोचत नाही. पाणी किती गढूळ आहे हे मोजायला पांढरी तबकडी दोरीने खाली सोडतात. ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची. सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाची ही 1865 सालची युक्ती आजही वापरात आहे. दुसरं कारण साधा हिशेबच. शैवालाच्या पेशी दुप्पट व्हायला बहुधा एक दिवस तरी लागतो, बऱ्याचदा जास्तच. तळं त्याहून वेगाने भरून वाहू लागलं, तर जन्मणाऱ्यांपेक्षा वाहून जाणारे जास्त!

सगळ्यांचंच नुकसान होतं असं मात्र नाही. उन्हाळ्यातल्या संथ, तापलेल्या पाण्यावर राज्य असतं मायक्रोसिस्टिससारख्या नील-हरित शैवालांचं. (खरं तर हे जिवाणूच, पण जुनं नाव चिकटलंय.) त्यांच्या पेशींत वायूने भरलेल्या नळकांड्या असतात, त्यांच्या जोरावर ते वर तरंगतात, पृष्ठभागावर दाट साय धरतात आणि खालच्यांचा उजेड अडवतात. वारा-पावसाने पाणी घुसळलं की ही साय मोडते. डायटम नावाच्या दुसऱ्या सूक्ष्म शैवालांची गोष्ट उलटी. त्यांचं कवच सिलिकाचं, म्हणजे जवळजवळ काचेचंच, त्यामुळे संथ पाण्यात ते तळाशी बसतात. घुसळण त्यांना उजेडात धरून ठेवते, शिवाय कवचासाठी लागणारी विरघळलेली सिलिकाही वाहत्या पाण्यातून मिळते.

थंड देशांत तळ्याचं पंचांग ऊन आणि तापमान ठरवतं. इथे बऱ्याच अंशी पाऊसच ठरवतो. पावसाळा ओसरून गाळ खाली बसला की साठलेलं खाद्य आणि ऊन एकदमच हाती लागतं, आणि पाणी पुन्हा हिरवं होऊ लागतं.

पार आटणाऱ्या डबक्यांत मात्र हा क्रम लागू पडत नाही. काही नील-हरित शैवालं जाड भिंतीच्या सुप्त पेशी करून भेगाळलेल्या चिखलात पडून राहतात. त्यांचं वर्ष पहिल्या सरीपासून सुरू होतं.