खाण आधी, माहिती मागाहून

कॅनडात २००६ साली आदिवासी समाजांसाठी एक खाण-माहितीसंच निघाला. केंद्र सरकारची खाती, खाण उद्योगाच्या संघटना आणि कॅनेडियन ॲबोरिजिनल मिनरल्स असोसिएशन यांनी तो मिळून केला. खनिजाचा शोध, खाणीची उभारणी, उत्खनन आणि खाण बंद करणं, असे त्याचे चार भाग. कोणत्या टप्प्यावर काय होतं आणि गावाने काय विचारावं, हे त्यात समजावून दिलं होतं. काम तसं साधंच, पण त्याला फार उशीर झाला.

उत्तर कॅनडातल्या ग्रेट बेअर सरोवराकाठी १९३० साली रेडियम-युरेनियमचं खनिज सापडलं आणि पोर्ट रेडियमची खाण सुरू झाली. तिथले डेने या आदिवासी समाजाचे लोक खनिजाची पोती पाठीवरून वाहून बोटींवर चढवत. पोत्यांत काय आहे, त्याने काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. यातलं युरेनियम पुढे अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पाला गेलं. हे कळल्यावर १९९८ मध्ये देलिने या डेने गावचे काही जण हिरोशिमाला गेले आणि तिथल्या लोकांची त्यांनी माफी मागितली. ज्यांना काही सांगितलंच नव्हतं, त्यांनी!

उत्तरेतल्याच यलोनाइफ शहराजवळच्या जायंट खाणीत १९४८ पासून सोनं निघू लागलं. खनिज भाजताना आर्सेनिकचा धूर निघे आणि बर्फावर बसे. शेजारच्या वस्तीत प्यायला तोच बर्फ वितळवत. १९५१ मध्ये एक डेने मूल त्या विषाने दगावलं. धोक्याच्या सूचना लागल्या त्या इंग्रजीत, आणि बहुतेकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पुढे धुरातलं आर्सेनिक गोळा करून खाणीच्या पोटातच साठवायला सुरुवात झाली. आजही तिथे सुमारे २,३७,००० टन विषारी भुकटी पडून आहे.

कायद्याची बाजूही अशीच. कॅनडाच्या बऱ्याच भागांत शोधकाने रानात खुंट ठोकले की खनिजावर त्याचा दावा लागे. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांना विचारायची गरज नव्हती. १९८२ च्या राज्यघटनेतल्या कलम ३५ ने आदिवासींचे हक्क मान्य केले, तरी विचारायचं कुणी आणि कधी, हा घोळ राहिलाच. तो १८ नोव्हेंबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन खटल्यांत बराचसा सोडवला. हैडा समाजाचा खटला जंगलतोडीचा होता, टाकू रिव्हर टिंगिटांचा एका खाणीच्या रस्त्याचा. हक्क सिद्ध व्हायच्या आधीही सल्लामसलत करणं सरकारचं कर्तव्य आहे, असं न्यायालयाने सांगितलं. टिंगिट मात्र खटला हरले. त्यांच्याशी पुरेशी चर्चा झाली, असं न्यायालयाचं मत पडलं.

चर्चा करायची तर समोरच्याला विषय कळायला हवा. माहितीसंचाची खरी निकड इथली, असं मला वाटतं. २०१३ मध्ये त्याची सुधारित मार्गदर्शिकाही आली.

गंमत म्हणजे, २००४ च्या त्या निकालानंतर दोनच महिन्यांत, जानेवारी २००५ मध्ये, ब्रिटिश कोलंबिया प्रांताने खनिजाचे दावे ऑनलाइन केले. खुंट गेले, नकाशावरची क्लिक आली. गावाला विचारणं तेव्हाही नव्हतं. त्याविरुद्ध गिटखाला आणि एहाटेसाहेट हे समाज न्यायालयात गेले. दावा देण्याआधीच सल्लामसलत हवी, असा निकाल सप्टेंबर २०२३ मध्ये लागला आणि मार्च २०२५ पासून त्या प्रांतात तशी पद्धत सुरू झाली.