१८७० च्या आधीही नावं सापडतात

‘अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचा माग गुलामी संपल्यानंतरच्या पहिल्या, म्हणजे १८७० च्या जनगणनेपाशी संपतो, त्याआधी त्यांची नावंच कुठे नाहीत,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेतल्या गुलामांच्या याद्यांत नाव मालकाचं आणि माणसांचं बहुतेक फक्त वय, लिंग, वर्ण. वाचताना चीड येते. पण १८६० साली सुमारे ४ लाख ८८ हजार कृष्णवर्णीय स्वतंत्र होते आणि जनगणनेत त्यांची नावं आहेत.

आणि गुलामीतून सुटलेल्यांची? व्हर्जिनिया राज्यात १७८२ च्या कायद्याने मालकाला मृत्युपत्राने किंवा मुक्तिपत्राने गुलाम मुक्त करता येऊ लागले. मुक्तिपत्र काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या) न्यायालयात नोंदवलं जाई, बरेचदा जमिनीच्या खरेदीखतांच्याच वहीत. म्हणून जमिनीचे दस्त चाळायलाच हवेत. १७९१ मध्ये व्हर्जिनियातला बडा जमीनदार रॉबर्ट कार्टर तिसरा याने ४५० हून अधिक जणांच्या मुक्ततेचा दस्त केला. त्यात नावं आहेत, वयंही आहेत. १७९३ पासून मुक्त कृष्णवर्णीयांना कारकुनाकडे नोंद करणं सक्तीचं झालं. पाळत ठेवण्यासाठी लादलेल्या त्याच वह्यांत आज कुणाला तरी आपल्या खापरपणजीचं नाव, तिची उंची, अंगावरचा व्रण आणि ती कशी मुक्त झाली हे सापडतं.