कुलकर्णी, अतुल

कुलकर्णी, अतुल : (१० सप्टेंबर १९६५). मराठी, हिंदी, कन्नड, तमिळ व तेलुगू चित्रपटांतील अभिनेते. रंगभूमीवरून चित्रपटात आले. अलीकडे वेबमालिकांतही त्यांचे काम ठळक आहे. सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना दोनदा मिळाला आहे. जन्म बेळगाव येथे.

जन्मस्थानाची नोंद कशी करावी, यात एकवाक्यता नाही. बहुतेक इंग्रजी-हिंदी चरित्रनोंदींत ‘बेळगाव, कर्नाटक’ असे छापले जाते. आजच्या नकाशाप्रमाणे ते बरोबर असले, तरी १९६५ साली कर्नाटक या नावाचे राज्यच नव्हते. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचनेत त्यातील चंदगड तालुका वेगळा काढून मुंबई राज्यातच, कोल्हापूर जिल्ह्यात ठेवला गेला आणि उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. म्हैसूरचे कर्नाटक झाले ते १ नोव्हेंबर १९७३ रोजी. शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले १ नोव्हेंबर २०१४ रोजी. (या भागाच्या इतिहासातील तारखा अशा एकाच दिवसाभोवती गोळा झाल्या आहेत. सीमाभागातील मराठी माणसे हा दिवस ‘काळा दिन’ म्हणून पाळतात, तर शहरात त्याच दिवशी राज्योत्सवाची मिरवणूकही निघते.) मराठी लेखनात राज्याचे नाव गाळून नुसते ‘बेळगाव’ किंवा ‘सीमाभाग’ लिहिण्याची पद्धतही आहे. तिच्यामागे भावना आहे. कोशाला ती पुरेशी नाही. कालदृष्ट्या ‘बेळगाव, तत्कालीन म्हैसूर राज्य’ ही नोंद अधिक निर्दोष वाटते. सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला तो कुलकर्णी यांच्या जन्मानंतर वर्षभराने, ऑक्टोबर १९६६ मध्ये. आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला आणि महाराष्ट्राने तो नाकारला. या प्रश्नाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

आडनावावरूनही काही ठरत नाही. कुलकर्णी हे गावच्या दप्तराचे वतन. बेळगाव, धारवाड, विजापूर या पट्ट्यात कुलकर्णी, देशपांडे, देसाई, पाटील ही आडनावे मराठी घरांत जितकी सापडतात तितकीच कन्नड घरांत. त्यामुळे कन्नड प्रेक्षक या नटाला आपला समजतो आणि मराठी प्रेक्षकाला तो आपलाच वाटतो. दोघांनाही पुरावा मागावासा वाटत नाही. पुढे आलेल्या नामसाम्याचा घोळ मात्र कोशकाराला निस्तरावा लागतो. त्यांचे नाट्यदिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, वळू या चित्रपटाचे दिग्दर्शक उमेश कुलकर्णी, पत्नी व अभिनेत्री गीतांजली कुलकर्णी, शिवाय दोन अभिनेत्री सोनाली कुलकर्णी : देवराई या चित्रपटातील एक, नटरंग या चित्रपटातील दुसरी. या दोघींची सरमिसळ छापील सूच्यांतही आढळते.

जडणघडणीचे गाव सोलापूर. तेथील ‘नाट्य आराधना’ या हौशी संस्थेतून ते रंगमंचाकडे वळले. सोलापूर हेही बेळगावसारखेच बहुभाषी. मराठी, कन्नड आणि विणकर वस्तीतली तेलुगू या तिन्ही भाषा तिथे एकाच बाजारात कानावर पडतात. पुढे या नटाने ज्या भाषांत कामे केली, त्यांतल्या तीन म्हणजे सोलापुरच्या रस्त्यावरच्या भाषा. यातून कार्यकारण काढण्याचा मोह टाळलेला बरा. नोंद एवढीच की त्यांचे बहुभाषिकत्व ही मुंबईत आल्यानंतर केलेली व्यावसायिक सोय म्हणता येत नाही. १९९२ ते १९९५ या काळात त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिक्षण घेतले.

मराठी व्यावसायिक रंगभूमीवर त्यांचे नाव झाले ते अजित दळवी यांच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’ या नाटकातील महात्मा गांधींच्या भूमिकेने. नाटकाचा विषय गांधी आणि त्यांचे थोरले पुत्र हरिलाल यांच्यातील तणाव हा. बेळगावकर वाचकाला येथे आणखी एक गोष्ट आठवेल. गांधींनी काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवले ते आयुष्यात एकदाच, डिसेंबर १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात. टिळकवाडीतील वीरसौध त्याच जागेचे स्मारक. भूमिकेशी याचा संबंध नाही. पण गावाच्या आणि नटाच्या नोंदी शेजारी ठेवल्या की असे धागे दिसतात.

बेळगावच्या नाट्यपरंपरेशी त्यांचे नाव जोडताना मात्र हात आखडता घ्यावा. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांच्या शाकुंतलाचा प्रयोग १८८० मध्ये पुण्यात झाला. या वारशाचा उल्लेख सीमाभागातील प्रत्येक नटाच्या परिचयात करण्याची रीत पडली आहे. कुलकर्णी यांच्या बाबतीत ती नेमकी लागू पडत नाही. ते गायकनट नाहीत आणि त्यांचे शिक्षण वेगळ्या, प्रशिक्षणप्रधान परंपरेतले आहे.

चित्रपटातील महत्त्वाची पहिली खूण कमल हासन यांचा हे राम. तमिळ आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार झालेल्या या चित्रपटात त्यांनी श्रीराम अभ्यंकर साकारला. रंगभूमीवर गांधी झालेला नट पडद्यावर गांधीहत्येच्या कटाकडे नायकाला ओढून नेणारा झाला. या भूमिकेला सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

येथे वर्षाचा एक घोटाळा नेहमी होतो. चित्रपट प्रदर्शित झाला फेब्रुवारी २००० मध्ये, तर पुरस्कार १९९९ या वर्षाचा (४७ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार). काही सूच्यांत म्हणून चित्रपटाचे वर्ष १९९९ दिले जाते, काहींत पुरस्काराचे २०००. दोन्ही चूक. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी प्रदर्शनाची तारीख धरली जात नाही, सेन्सॉर प्रमाणपत्राची धरतात. त्यामुळे वर्षअखेरीस प्रमाणपत्र मिळालेला आणि नंतर पडद्यावर आलेला चित्रपट मागील वर्षात मोजला जातो. नटरंगच्या बाबतीत हेच पुन्हा घडले : प्रदर्शन १ जानेवारी २०१०, आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार २००९ चा (५७ वे पुरस्कार). एकाच नटाच्या कारकिर्दीत हा फरक दोनदा यावा हा योगायोग. पण त्यावरून कालक्रम लावणाऱ्यांनी दोन्ही वर्षे वेगळी लिहावीत. दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मधुर भांडारकर यांच्या चांदनी बारमधील (२००१) पोत्या सावंत या गुंडाच्या भूमिकेसाठी मिळाला. तेथे असा पेच नाही.

हिंदीत यानंतर खाकी (२००४) मधील डॉ. इक्बाल अन्सारी हा दहशतवादाचा आरोप माथी आलेला कैदी आणि रंग दे बसंती (२००६) मधील लक्ष्मण पांडे या भूमिका उल्लेखनीय. दुसऱ्या चित्रपटात तेच रामप्रसाद बिस्मिलही होतात. तेलुगू जयम मनदेरा (२०००) व तमिळ रन (२००२) यांत ते खलनायक होते. दाक्षिणात्य व्यवसायाने बाहेरून आलेल्या नटाला दिलेली ही ठरलेली जागा. पाणबुडीच्या कथेवरील घाझी (२०१७) पुन्हा हिंदी-तेलुगू असा दुहेरी.

मराठीत सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्याबरोबरचे काम अधिक मोलाचे. दहावी फ (२००२) मध्ये ‘वाया गेलेल्या’ तुकडीचा शिक्षक, तर देवराईमध्ये (२००४) छिन्नमनस्कतेने (स्किझोफ्रेनियाने) ग्रासलेला शेष. मनोरुग्ण म्हणजे आरडाओरडा, या मराठी पडद्यावरच्या समजाला देवराईने छेद दिला. शेषचे पुटपुटणे, नजर चुकवणे, झाडांशी असलेले नाते यांतून आजार दिसतो. समीक्षकांत काहीजण नटरंगला त्यांची सर्वश्रेष्ठ भूमिका मानतात. प्रस्तुत नोंदीचा कल देवराईकडे आहे. वळूमध्ये (२००८) गावात मोकाट सुटलेल्या बैलाला पकडायला आलेला वनाधिकारी त्यांनी केला. आजूबाजूला सगळे गाव विनोद करत असताना स्वतः गंभीर राहणे, हे त्या भूमिकेचे मर्म.

नटरंग हा सीमाभागाच्या दृष्टीने वेगळा विचार करण्याजोगा चित्रपट. रवी जाधव यांचा हा पहिला चित्रपट आनंद यादव यांच्या कादंबरीवरून केलेला. यादव कागलचे. कागल म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचे शेवटचे टोक. महामार्गाने पुढे गेले की निपाणी आणि बेळगाव जिल्हा सुरू. नायकाचे आडनावच कागलकर. गुणा हा तालमीत कसलेला शेतमजूर. तमाशात राजाची भूमिका करायचे त्याचे स्वप्न. पण नाच्याशिवाय फड उभा राहणार नाही म्हटल्यावर तो स्वतःच नाच्या होतो.

‘नाच्या’ या शब्दाविषयी थोडा खुलासा हवा. तमाशात स्त्रिया येण्यापूर्वी स्त्रीपात्र करणाऱ्या मुलाला नाच्या किंवा नाच्या पोऱ्या म्हणत. गौळणीतली मावशीही पुरुषच करतो, पण ती थट्टेची, थोराड स्त्री. नाच्याकडून लचक व लावण्य यांची अपेक्षा असते. अनेक चित्रपटपरिचयांत दोन्ही एकच समजले जातात, ते बरोबर नाही. स्त्रिया फडात केव्हा आल्या, याबद्दल मते भिन्न आहेत. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्याबरोबरच्या पवळाकडे पहिलेपण देण्याची प्रथा रूढ आहे. मात्र एका व्यक्तीपाशी असा आरंभ आणून ठेवण्यापेक्षा तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने झाला असे मानणे सुरक्षित. स्त्रिया आल्यावरही नाच्या नाहीसा झाला नाही, आणि गुणाची शोकांतिका नेमकी तेथे आहे : नाचणारी स्त्री फडात असतानाही त्याला बायकी व्हावे लागते. या भूमिकेसाठी कुलकर्णी यांनी आधी पैलवानाचे शरीर कमावले व मग ते उतरवले. चर्चा त्याचीच अधिक झाली. खरे काम मनगटाचे आणि चालण्याचे आहे; अंगातला पैलवान शेवटपर्यंत पुरता जात नाही, अधूनमधून खांद्यात परत येतो.

कन्नडमध्ये भूमिगीता (१९९७) हे त्यांचे सुरुवातीचे काम, म्हणजे हे रामच्याही आधीचे. आ दिनगळु (२००७) या बंगळुरूच्या गुन्हेगारी जगावरील चित्रपटात त्यांनी अग्नी श्रीधर यांची भूमिका केली. चित्रपट श्रीधर यांच्याच आत्मकथनावर आधारलेला आहे. एदेगारिके (२०१२) त्याच वळणाचा. मराठी कोशांत ही बाजू एका ओळीत आटोपली जाते, कन्नड लेखनात मराठी बाजू तशीच.

नंतरच्या मराठी चित्रपटांपैकी प्रेमाची गोष्ट (२०१३) व हॅपी जर्नी (२०१४) हे लोकप्रिय. वेबमालिकांत सिटी ऑफ ड्रीम्समधील (२०१९) राजकीय घराण्याचा प्रमुख अमेय राव गायकवाड ही भूमिका विशेष गाजली. बंदिश बँडिट्स (२०२०) मध्ये त्यांनी दिग्विजय हा गायक केला. लालसिंग चड्ढा (२०२२) या हिंदी चित्रपटाची रूपांतरित पटकथा त्यांची. प्राथमिक शिक्षणात काम करणाऱ्या, पालघर जिल्ह्यातील ‘क्वेस्ट’ या संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले आहे.