भिवंडीची गोदामे: आधी शेड, मागून आराखडा

ठाण्याहून जुन्या आग्रा रोडने कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेरपासून गोदामे सुरू होतात ती अंजूरफाट्यापर्यंत पाठ सोडत नाहीत. पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली ही गावे पूर्वी भातशेतीची. आज देशभरातल्या ग्राहकांना ती पार्सलवरच्या पत्त्यामुळे माहीत होतात. इथेच गोदामे का, असे विचारले की महामार्ग आणि 1989 साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर अशी उत्तरे मिळतात. ती चूक नाहीत, पण महामार्ग ठाण्यातूनही जातो आणि न्हावा-शेव्याला पनवेल कितीतरी जवळ. खरे उत्तर जकातीत आहे.

मुंबई महापालिकेने 1965 पासून जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, घ्यायला सुरुवात केली. मुलुंड, दहिसर, मानखुर्दच्या नाक्यांवर मालट्रकच्या रांगा लागायच्या. शहरात माल आणून साठवायचा म्हणजे तो विकला जाण्याआधीच जकातीत पैसे अडकवायचे. त्यातला काही माल पुढे नाशिकला जायचा असेल तर मुंबईत उतरवण्यात अर्थच नव्हता. मग व्यापाऱ्यांनी सोपा मार्ग काढला. माल नाक्याबाहेर ठेवायचा आणि मागणी येईल तेवढाच आत न्यायचा. शहरांच्या हद्दींवर नाके, मधली गावे मोकळी. या मोकळ्या पट्ट्यात शेड उभ्या राहू लागल्या.

याच काळात सरकार दुसरीकडे अगदी उलट्या क्रमाने काम करत होते. 1970 साली स्थापन झालेल्या सिडको या सरकारी महामंडळाने नवी मुंबईत आधी जमीन ताब्यात घेतली, भूखंड पाडले, रस्ते आखले आणि मग दक्षिण मुंबईतला लोखंड बाजार कळंबोलीला, कांदा-बटाटा बाजार वाशीला हलवला. व्यापारी कुरकुरत गेले. भिवंडीला त्यांना कोणी ढकलले नाही, ते आपणहून आले, आणि आले तेव्हा समोर ना भूखंड होते ना आखलेले रस्ते.

कायदा नव्हता असे नाही. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली मुंबई महानगर प्रदेशाची प्रादेशिक योजना 1973 मध्ये मंजूर झाली, सुधारित योजना 1999 मध्ये आली. पण प्रादेशिक योजना ढोबळ रंगांत बोलते: हा पट्टा हरित, तो नागरी. कुठल्या सर्व्हे नंबरातून किती रुंद रस्ता जाणार, हे विकास आराखडा सांगतो, आणि तो या गावांना नव्हता. बिनशेतीची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे, प्रत्यक्षात मात्र ग्रामपंचायतीच्या नाहरकत दाखल्यावर कामे उरकली जात. ग्रामपंचायतीला तरी दोष किती द्यायचा? भाताच्या शेतातून तिला काहीच मिळत नव्हते, शेडवर घरपट्टी बसत होती. जमीनमालकालाही विकण्यापेक्षा भाडे परवडले. म्हणून सातबाऱ्यावर पीक भात आणि जागेवर भराव टाकून उभी केलेली पत्र्याची शेड, असा प्रकार इथे कोणाला नवलाचा वाटत नाही.

2007 मध्ये राज्य सरकारने भिवंडीभोवतालच्या गावांसाठी एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) विशेष नियोजन प्राधिकरण, म्हणजे आराखडा करणारी संस्था, नेमले. या अधिसूचित क्षेत्रात 60 गावे येतात. तोवर बरेच काही बांधून झाले होते. कोऱ्या जमिनीवर रस्त्याची रेघ ओढणे सोपे, इथे रेघ ओढली की ती कोणाच्या तरी शेडमधून जाते. मग शेड पाडायची की रेघ वाकवायची? शिवाय गल्ल्या बैलगाडीच्या वाटेवरून पडलेल्या. चाळीस फुटी कंटेनर घेऊन आलेला ट्रेलर तिथे एका दमात वळत नाही. क्लीनर उतरून हात दाखवतो, ट्रेलर तीनदा पुढे-मागे होतो आणि तोवर मागची सगळी गल्ली थांबते.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. ज्या कारणाने गोदामे आली ते कारणच संपले, तरी गोदामे हलली नाहीत, वाढली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या विक्रीवरचा केंद्रीय विक्रीकर वाचवण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत छोटे डेपो ठेवत, ती गरज संपली आणि कमी ठिकाणी मोठी गोदामे परवडू लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने लॉजिस्टिक्सला, म्हणजे माल साठवण्या-पोहोचवण्याच्या उद्योगाला, पायाभूत सुविधांचा दर्जा दिला, म्हणजे दीर्घ मुदतीचे कर्ज सोपे झाले. नव्या भाडेकरूंना उंच छत, रॅक, सपाट फरशी आणि आग विझवण्याची व्यवस्था हवी असते. जुन्या बांधकामांत यातले थोडेच सापडते. एप्रिल 2023 मध्ये वळपाड्यात एक इमारत कोसळून 8 जणांचा जीव गेला. खाली गोदाम होते आणि वर कुटुंबे राहत होती.

ऑगस्ट 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने लॉजिस्टिक धोरण मंजूर केले. त्यात 10,000 एकरांहून अधिक क्षेत्रावर या उद्योगासाठी सुविधा उभारण्याचे ठरले आहे, आणि नवी मुंबई-पुणे परिसरात 2,000 एकरांचे व नागपूर-वर्धा परिसरात 1,500 एकरांचे मोठे केंद्र. तिथे जमीन आधी, गोदाम नंतर. भिवंडीच्या वाट्याला दुरुस्ती येते: माजिवडा ते वडपे हा जवळपास 24 किलोमीटरचा महामार्ग चौपदरीचा आठपदरी करण्याचे काम. महामार्गावरून उतरून गोदामाच्या दारापर्यंतची गल्ली मात्र अजून तेवढीच.