वाट बघणारी कामं आणि न बघणारी

आमच्या वाणसामानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर गेल्या दिवाळीपासून नऊ कामं लिहिलेली आहेत. मोरीतला नळ गळतो. हॉलमधला पंखा पाचवर लावला तरी दोनवर असल्यासारखा फिरतो. गीझरचा प्लग काळा पडलाय. खिडकीवरच्या छज्ज्याला चीर गेलीय. मग फ्रिजच्या दाराचं रबर, माळ्यावरचा पसारा, दाराची कडी, शिवण उसवलेली गादी आणि सगळ्यांत खाली, बायकोच्या अक्षरात, 'गच्चीची जाळी बघा'.

आम्ही कळव्याला राहतो, चौथ्या मजल्यावर, म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. इमारत 1991 सालची. मी एका ज्युनिअर कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेत सहायक आहे. घरदुरुस्तीला महिन्याचे हजार रुपये बाजूला काढायचे, असं ठरलेलं आहे. ज्या महिन्यात कुणाला ताप येतो किंवा लग्नाचा आहेर निघतो, त्या महिन्यात ते हजार नसतात.

या यादीतलं जे काम मला रोज छळत होतं ते नळाचं, म्हणून आधी तेच करायचं असं माझ्या डोक्यात होतं. एप्रिलमध्ये एका दुपारी खिडकीबाहेर धप्प असा आवाज झाला. छज्ज्याचा तळहाताएवढा तुकडा निखळून खालच्या मजल्याच्या छज्ज्यावर पडला होता. नशीब, तिथेच अडकला. खाली पोरं क्रिकेट खेळत होती.

तो तुकडा मी रुमालात गुंडाळून दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेला. त्याच्या आतल्या बाजूला सळईचा ठसा उमटलेला होता, तपकिरी, बोटाला लागणारा. तुकडा हातोडीनं फोडला आणि ताज्या तुटलेल्या बाजूवर फिनॉल्फ्थॅलीनचे चार थेंब टाकले. बारावीची मुलं टायट्रेशनला वापरतात तेच ते, आम्लात बिनरंगी आणि अल्कलीत गुलाबी. चांगल्या काँक्रीटवर टाकलं की ते क्षणात गडद गुलाबी होतं. माझ्या तुकड्याच्या जाड टोकाला तेवढा एक गुलाबी ठिपका उमटला. बाकी सगळं कोरं.

यात घडलेलं असं असतं. सिमेंट पाण्याशी मिळतं तेव्हा विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तयार होतो आणि काँक्रीटचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, 12 ते 13 च्या घरात जातो. एवढ्या अल्कलीत लोखंडावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, घट्ट थर बसतो आणि सळई गंजत नाही. सळईवर काँक्रीटचं जे दोन-अडीच सेंटिमीटरचं पांघरूण असतं, त्याला ठेकेदार 'कव्हर' म्हणतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड या कव्हरमध्ये वर्षानुवर्षं मुरत राहतो आणि चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट करतो. तो पट्टा पुढे सरकेल तसा पीएच 9 च्या खाली येतो. पट्टा सळईला टेकला की वरचा थर विरतो, आणि मग पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की गंज सुरू.

मला खरा धडा मिळाला तो या पट्ट्याच्या चालीतून. तो काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आत सरकतो. समजा पहिल्या 10 वर्षांत 8 मिलिमीटर गेला, तर 16 मिलिमीटरला पोचायला त्याला एकूण 40 वर्षं लागतात. इतकी वर्षं बाहेरून काहीच दिसत नाही. पण एकदा सळई उघडी पडली की चाल बदलते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, आणि पाणी धरून बसलेल्या गंजाला तर सहापटीपर्यंत. ती जागा आतून रेटून घेतली जाते. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही, म्हणून चीर पडते. चिरेतून आणखी पाणी आत जातं, आणखी गंज, आणखी मोठी चीर. स्वीडनमध्ये टूट्टी नावाच्या संशोधकानं 1982 साली याचे दोन टप्पे मांडले: आधी लांबलचक शांतता, मग वेगानं पडझड. आजही अभियंते तोच आराखडा वापरतात. 'तीस वर्षं काही झालं नाही, अजून दोन वर्षांनी काय होणार', हे वाक्य सोसायटीच्या प्रत्येक सभेत कुणीतरी म्हणतंच. ते पहिल्या टप्प्याचा अनुभव दुसऱ्या टप्प्याला लावत असतात.

तेव्हा मी वही पुन्हा काढली आणि नऊच्या नऊ कामांना एकच प्रश्न विचारला: तू वाट बघशील का?

माळा बघेल. गादी बघेल. पंखासुद्धा बघेल, त्याचं दुखणं मजेशीर आहे. घरातली वीज एकाच फेजची असते, आणि एका फेजनं मोटरमध्ये फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होत नाही, ते नुसतं मागेपुढे होतं. म्हणून दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह कपॅसिटर लावून थोडा पुढे-मागे सरकवतात. दुकानात कपॅसिटर मागितला तर दुकानदार दोन सेकंद बघत राहतो, तिथे 'कंडेन्सर' म्हणायचं. त्याच्या आत प्लॅस्टिकच्या फिल्मवर धातूचा अतिपातळ मुलामा असतो. दाब वाढून कुठे ठिणगी पडली की तेवढ्या जागेचा मुलामा उडून जातो आणि बिघाड तिथल्या तिथे मिटतो. सोय चांगली, पण दर वेळी थोडा मुलामा कमी होतो. अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असा झिजत झिजत दीडवर येतो, मोटरचा जोर कमी होतो आणि पंखा म्हातारा वाटायला लागतो. साठ-सत्तर रुपयांचा खेळ. मेन स्विच बंद करून, आणि कंडेन्सरच्या तारांच्या उघड्या टोकांना हात न लावता, कारण त्यात वीज साठून राहिलेली असू शकते. वायरिंगची भीती वाटत असेल तर वायरमनलाच बोलवा, त्यात कमीपणा नाही.

नळही बघेल, आणि हे पटायला मला वेळ लागला. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब. साधारण 20 थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर रोजचे सव्वाचार लिटर. त्याखाली बादली ठेवली की तेवढ्यात लादी पुसून होते. पैशांत मोजलं तर नुकसान नगण्य, त्रास मात्र रात्री दोन वाजता ऐकू येईल एवढा. एकच गोष्ट टाळावी: नळ जास्त जोरानं आवळणं. आतला रबरी वायसर पितळेच्या कडेवर चेपला जाऊन त्यात गोल खाच पडते, आणि मग दहा रुपयांच्या वायसरवर भागत नाही.

प्लग मात्र वाट बघत नाही. गीझर 2000 वॅटचा, म्हणजे 230 व्होल्टला जवळजवळ 9 अँपिअर. सॉकेटमधली पितळी पट्टी सैल झाली आणि जोडात फक्त अर्धा ओहम रोध आला, तरी तिथे 38 वॅट उष्णता तयार होते. पूर्वीच्या पिवळ्या बल्बमधला 40 चा बल्ब आठवा. तेवढी ऊब, पण काचेत नाही, भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या डबीत. उष्णतेनं पट्टीचा ताण जातो, वर ऑक्साइड चढतं, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. छज्ज्यासारखंच हेही स्वतःच स्वतःला वाढवणारं दुखणं. आणि आम्ही सहा महिने रोज सकाळी त्या काळ्या डागाकडे बघत आंघोळीचं पाणी तापवत होतो.

का? आळस म्हणून सोडून देता येईल, पण ते पुरतं खरं नाही. 2013 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. सेंधिल मुल्लईनाथन, एल्डर शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली, उसाचे पैसे हातात येण्याआधी आणि आल्यानंतर. माणसं तीच, पण ओढाताणीच्या दिवसांत त्यांचे गुण कमी पडले. त्याच अभ्यासात अमेरिकेतल्या एका मॉलमध्ये लोकांना विचारलं होतं: गाडी बिघडलीय, दुरुस्तीला 150 डॉलर लागतील, काय कराल? मग चाचणी. गरीब आणि सुखवस्तू सारखेच उतरले. दुसऱ्या गटाला तोच प्रश्न 1500 डॉलरचा आकडा घालून विचारला, तेव्हा गरिबांचे गुण घसरले आणि सुखवस्तूंचे जागच्या जागी राहिले. खर्च खरा नव्हता, नुसता मनात आला होता. या अभ्यासावर नंतर शास्त्रज्ञांनी शंकाही काढल्या. पण मला ती दुरुस्तीची गोष्ट लगेच ओळखीची वाटली. प्लगकडे बघितलं की डोक्यात आधी वायरमनचे पैसे येतात, मग 'वायरिंगच बदलायला सांगितलं तर?' हा विचार येतो, आणि नजर आपोआप दुसरीकडे वळते. सिरोइस आणि पिचिल हे मानसशास्त्रज्ञ चालढकलीबद्दल हेच म्हणतात: आपण काम टाळत नसतो, कामासोबत येणारी ती कुचंबणा टाळत असतो.

म्हणून आकडा विचारून यावा. घाबरवणारा आकडा बहुतेक वेळा मनातलाच असतो. चांगलं सोळा अँपिअरचं सॉकेट, नवी प्लगटॉप आणि वायरमनची मजुरी मिळून आमचे साडेचारशे गेले. मी मनात तीन हजार धरून बसलो होतो.

छज्ज्याचा आकडा मात्र मनातल्यापेक्षा मोठा निघाला. गंज घासून सळई स्वच्छ करायची, तिला गंजरोधक लेप द्यायचा आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं कव्हर परत बांधायचं. नुसतं वरून प्लास्टर थापून रंग मारला तर आतला गंज ते दोन पावसाळ्यांत परत ढकलून देतो. हे एका घराचं काम नाही, सोसायटीचं आहे. 30 वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घ्यावं लागतं, आमचं राहिलेलंच होतं. मेच्या सभेत मी तो तुकडा टेबलावर ठेवला आणि खिशातल्या बाटलीतून फिनॉल्फ्थॅलीन टाकून दाखवलं. तळमजल्याच्या काकू म्हणाल्या, "अहो, यात कळायचं काय? रंग तर आलाच नाही." मी म्हटलं, "काकू, तेच तर." ऑडिटला मंजुरी मिळाली. दुरुस्तीचे पैसे कसे उभे करायचे यावर अजून भांडण चालू आहे.

तोवर काय, हा प्रश्न होताच. पीएच गेलेला घरच्या घरी परत आणता येत नाही, पण गंजाला पाणीही लागतं, आणि ते अडवता येतं. म्हणून यादीतल्या शेवटच्या ओळीकडे वळलो. गच्चीवर चढून बघितलं तर पाणी जायच्या पाइपाच्या तोंडावरची जाळी पिंपळाची पानं, पतंगाचा मांजा, एक चप्पल आणि गिलाव्याचा चिखल यांनी पूर्ण बुजली होती. पावसात तिथे तळं साचायचं, कठड्याच्या फटीतून भिंतीत उतरायचं आणि नेमकं आमच्या छज्ज्यावर ओघळायचं. खिडकीजवळ रंगाचे पापुद्रे आणि पांढरा खार धरतो तोही त्याच वाटेनं आलेला. भिंतीतले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागापर्यंत येतात, पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक मागे राहतात आणि फुगून रंग सोडवतात.

जाळी साफ करायला वीस मिनिटं लागली आणि पैसे शून्य. पिंपळाचं एक रोपटं कठड्याच्या फटीत रुजलं होतं, तेही मुळासकट काढलं. खाली आल्यावर बायकोनं वहीतल्या त्या ओळीवर काट मारली, जरा जास्तच जोरात, कागद फाटेपर्यंत.

पहिला मोठा पाऊस जूनच्या मध्यात झाला. रात्री टॉर्च घेऊन गच्चीवर गेलो, पाणी गळ्गळ् आवाज करत पाइपात जात होतं. नळ अजून गळतोय. वायसर आणून फ्रिजवर ठेवलाय.