नाशिकचा माड आणि तीन वर्षांपूर्वीची थंडी

जानेवारी लागला की आमच्याकडे खोबरेल तेलाची बाटली पांढरी घट्ट होते. आई ती सकाळी गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवायची. त्या कठड्याला आज माडाच्या झावळ्या घासतात. वडिलांनी गुहागरहून एसटीने, मांडीवर धरून आणलेलं बाणवलीचं, म्हणजे उंच वाढणाऱ्या जातीच्या माडाचं, रोप आता घराच्या वर गेलं आहे. बाटलीतल्या तेलाचं जे होतं, त्याच्याच जातीचं काहीतरी त्या झावळ्यांच्या आत होत असतं, हे मला बऱ्याच उशिरा समजलं.

खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, कारण त्यातली सुमारे ९० टक्के स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिड) संपृक्त (सॅच्युरेटेड) असतात. सरळ काड्यांसारखी ती एकमेकांना चिकटून बसतात. पानातल्या प्रत्येक पेशीभोवतीचं आवरणही स्निग्ध पदार्थांचंच असतं. त्याची घडण तेलापेक्षा वेगळी, त्यामुळे ते २४ अंशांना थिजत नाही. पण गारठ्यात ताठरतं आणि मग आतबाहेर होणारी पाण्याची, क्षारांची ये-जा मंदावते. गहू-हरभऱ्यासारखी रब्बीची पिकं थंडीची चाहूल लागताच आवरणातल्या स्निग्धाम्लांचा मेळ बदलून ते लवचिक ठेवतात. माड हा उबदार किनाऱ्याचा. त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी कडाका पाहिलेला नाही, त्यामुळे हे कसब त्याला फारसं जमत नाही.

पहिला फटका मुळांना बसतो. गार मातीत मुळं पाणी कमी ओढतात, आणि दुपारी आपल्याकडचं कोरडं लख्ख ऊन पानातून पाणी काढत राहतं. आळ्यात ओल असूनही माड तहानलेला राहतो. वर पानांमध्येही तसाच घोळ होतो. रात्रभर गारठलेलं पान सकाळचा प्रकाश तर गोळा करतं, पण तो वापरणारी यंत्रणा अजून सुस्त असते. न वापरलेली ही ऊर्जा हरितद्रव्यालाच इजा करते. फेब्रुवारीत झावळ्या पिवळट दिसतात आणि आपण खत कमी पडलं असं समजतो.

माडाला वर्षाचं सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास हवं, आणि रात्र-दिवसातला फरक पाच-सात अंशांचा असलेला बरा. रत्नागिरीत समुद्र हे काम फुकट करतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबाने नुसत्या उंचीचेच चार अंश गेले. त्यात आपली हिवाळी हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र, म्हणून जमिनीची ऊब रात्री सरळ आकाशात निघून जाते. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि सखल भागात साचते. गोदावरी-कादवेच्या खोऱ्यातलं निफाड म्हणूनच नाशिक शहरापेक्षा गार. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तिथे पारा १.८ अंशांवर गेला होता. अशाच दिवसांत पहाटे सहा-सात अंश आणि दुपारी अठ्ठावीस, असा वीस-बावीस अंशांचा हेलकावा आपल्याकडे नवा नाही. माझ्या मते माडाला नुसत्या थंडीपेक्षा हा हेलकावा जास्त छळतो.

एका हिवाळ्यात मी दोन तापमापक टांगले. एक घराच्या दक्षिणेच्या भिंतीलगत, माडाच्या बुंध्यापाशी, दुसरा शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर खांबाला. पहाटे साडेसहाला दोघांत तीन अंशांचा फरक निघाला. दिवसभर तापलेली वीट रात्रभर ऊब सोडत असते. अंतर जेमतेम चाळीस पावलांचं, पण माडाच्या दृष्टीने ती दोन वेगळी गावं.

आता मुख्य गोष्ट. शेजारच्या काकू मागच्या वर्षी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "अरे, यंदा एक बोंड धरलेलं नाही. पोय आली ती वांझ. तोडून टाकू का रे?" पोय म्हणजे माडाचा फुलोरा आणि बोंड म्हणजे त्यावर धरणारं कोवळं फळ. हिवाळा तर सौम्य गेला होता, आळ्याला पाणी होतं, म्हणून त्या जास्तच खट्टू झालेल्या.

माडाचा हिशेब वेगळ्या पंचांगावर चालतो. चांगल्या वाढीच्या मोठ्या माडाला साधारण महिन्याला एक झावळी येते, आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय. पण ती पोय उघडते तेव्हा ती नवी नसते. शेंड्याच्या पोटात तिचा अंकुर त्याच्या सुमारे बत्तीस महिने आधी धरलेला असतो. उघडल्यावर नारळ पिकायला आणखी बारा महिने. म्हणजे हातात आलेला पक्का नारळ चव्वेचाळीस महिन्यांचा प्रवास करून आलेला असतो, आणि त्या वाटेवर तीन-चार हिवाळे आणि तेवढेच उन्हाळे लागतात. कोवळी बोंडं थंडीनंतर लगेच गळली, तर ते याच हिवाळ्याचं काम असू शकतं. पण पोयच खुरटी आली, मादी फुलंच नगण्य निघाली, तर मागे, जवळजवळ तीन वर्षांपूर्वीच्या थंडीपर्यंत बघावं लागतं. (निरोगी माडाचीही निम्म्याहून अधिक बोंडं गळतातच, त्याचा धसका घेऊ नये.)

मागचं वाचायची सोय झाडानेच करून ठेवली आहे. खोडावरचा प्रत्येक वळ म्हणजे गळून पडलेल्या एका झावळीची खूण. वळ दूर दूर असतील तिथे माड जोमात वाढला, दाटीने आले तिथे तो अडला. माझ्या माडावर छातीच्या उंचीला बोटाच्या पेरात बसतील असे घट्ट वळ आहेत, आणि त्यांच्या वर पुन्हा मोकळे. विहीर आटली होती ती वर्षं ती. हे वळ कधी पुसले जाणार नाहीत. माडाला आंब्यासारखी साल आणि सालीखालचा वाढीचा थर नसतो, म्हणून खोडाची जखम कधीच भरून येत नाही. चढायला खाचा मारू नका असं मी भांडून सांगतो ते याचसाठी.

वाढीचा कोंबही एकच, शेंड्यात लपलेला. तो वाचला तर माड वाचला. त्यामुळे काकूंना मी आधी सुईबद्दल विचारलं, म्हणजे मधल्या न उघडलेल्या पानाबद्दल. ती हिरवी आणि ताठ होती. झावळ्या मोजल्या तर बावीस भरल्या. किनाऱ्यावरचा सुदृढ माड तीस-पस्तीस बाळगतो. झाड उपाशी होतं, मरत नव्हतं.

उपाय करायचे ते थंडीच्या आधी. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब साठवते आणि रात्री खालची ऊब वर पोचवते. शिवाय विहिरीचं पाणी हिवाळ्यातही कोमट लागतं. निफाडचे द्राक्षवाले कडाक्याच्या पहाटे शेकोट्या पेटवतात आणि बागेला पाणी सोडतात. त्या पाण्यामागे हेच शास्त्र. आळ्यात नारळाची सोडणं पुरली तर ओल टिकते. पाणी मात्र साचता कामा नये. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात तुंबलेलं पाणी थंडीइतकंच घातक, म्हणून चर काढलेला हवा.

खताबाबत नाशिककरांची एक सवय मोडावी लागते. द्राक्षाला क्लोराइड सोसत नाही म्हणून आपण सल्फेट ऑफ पोटॅश वापरतो आणि क्लोराइड असलेल्या म्युरेट ऑफ पोटॅशपासून लांब राहतो. माडाचं उलट आहे. पानांवरची छिद्रं उघडायला-मिटायला त्याला पोटॅशबरोबर क्लोराइडही लागतं. समुद्राकाठी ते खाऱ्या वाऱ्यातून मिळतं, इथे नाही. म्हणून माडाला म्युरेटच द्यावं. कोकणात खड्ड्यात मीठ टाकतात ते पाहून इथे मीठ टाकू नये. त्यातल्या सोडियममुळे काळी माती चोपून बसते.

नवं रोप लावायचं तर जूनच्या सुरुवातीला, म्हणजे पहिल्या थंडीआधी त्याला सहा महिने मिळतात. दिवाळीत लावलेलं रोप दीड-दोन महिन्यांत गारठ्याच्या तोंडी जातं. ठेंगू जाती लवकर फळतात खऱ्या, पण ताण कमी सोसतात. इथे मी बाणवलीच निवडेन आणि पहिले दोन-तीन हिवाळे तिला गोणपाटाचा आडोसा करेन.

काकूंनी झाड ठेवलं. दसऱ्यानंतर आळं मोठं केलं, म्युरेट दिलं, सोडणं पुरली. परवा त्यांनी कुंपणापलीकडून हाक मारून सांगितलं, "सव्वीस झाल्या रे झावळ्या." पोयांमध्ये फरक दिसायला अजून दोन उन्हाळे तरी लागतील, हे त्यांना आता माहीत आहे.